‘माझा प्रवास’ आणि झांशीचें बिजन

वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. वरसई पेण तालुक्यांत, म्हणजे आम्हां पनवेलकरांच्या शेजारींच. ह्या ग्रंथावर आजवर जें लिहिलें गेलें, तें बहुधा भटजींच्या निवेदनाच्या गोडीविषयीं आणि राणीच्या चित्राविषयीं. तें वावगें नाहीं. परंतु एप्रिल १८५८ मधील झांशीच्या कत्तलीचें प्रकरण केवळ रसग्रहणाचा विषय करणें आम्हांस अपुरें वाटतें. ह्या कृत्याचा जाब कोणीं द्यावयाचा, हुकूम देणाऱ्या सेनापतीनें कीं बंदूक हातीं असलेल्या शिपायानें, हा प्रश्न तेथें उभा आहे.

भटजी त्या कत्तलीस ‘बिजन’ म्हणतात. हा शब्द मूळचा फारसी आज्ञार्थ असून ‘मार’ एवढाच त्याचा अर्थ. कत्तलीच्या नांवांतच हुकूम दडलेला आहे! ती थांबलीही दवंडीनें. आणि जें दवंडीनें थांबतें तें आधींही थांबवितां आलें असतें. तेव्हां सर ह्यू रोज यांस ह्यांतून सोडवितां येत नाहीं. जून १८५७ मध्यें झांशींत शरण आलेल्या इंग्रजांस बायकामुलांसकट कापून काढलें होतें, हें खरें, आणि तें कृत्यही तितकेंच निंद्य. पण तें करणारे शिपाई केव्हांच दिल्लीकडे निघून गेले होते. बिजनांत सांपडले ते गांवचे रहिवासी.

मग शिपाई निर्दोष काय? गोरे शिपाई स्त्रियांवर जाणूनबुजून हत्यार चालवीत नसत, असें भटजी सांगतात. वाचक हें वाक्य गोऱ्यांच्या सौजन्याचें म्हणून वाचतो. आम्हांस तोच त्यांच्याविरुद्ध सर्वांत जड पुरावा वाटतो. स्त्री दिसतांच ज्याचा हात थांबतो, त्याचा हात थांबूं शकत होता. आवेशानें तो आंधळा झाला होता, असें म्हणण्याची सोय उरत नाहीं. लूटही पाळीपाळीनें झाली: सोनेंनाणें आधीं, भांडींकुंडीं व धान्य मागाहून. हुकुमाचा ताबेदार ही सबब न्यूरेंबर्ग येथील न्यायासनानें १९४६ सालीं नाकारली खरी, पण तेथें पुढाऱ्यांचा व सेनानींचा निवाडा होता; साधा शिपाई त्या पिंजऱ्यांत नव्हता.

ह्याहून अवघड गोष्ट निराळीच आहे. रोज यांच्या फौजेंत गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई इलाख्याच्या २४ व २५ क्रमांकांच्या देशी पलटणी होत्या, आणि मुंबईच्या लष्करांत कोंकणच्या माणसांचा भरणा मोठा असे. आंत जीव मुठींत धरून बसलेला याज्ञिक कोंकणचा. बाहेरच्या गल्लींत बंदूक घेतलेला शिपाईही कोंकणचाच असणें अशक्य नाहीं. गोऱ्या पलटणीचा मान त्याच्या वाट्यास नव्हता. उलट ऑक्टोबर १८५७ मध्यें मुंबईस दोघां देशी शिपायांस तोफेच्या तोंडीं दिलेलें त्याच्या कानीं असणारच. ह्या धाकामुळें त्याचा दोष पुष्कळ हलका होतो, नाहींसा होत नाहीं. आमच्या टीकाकारांनीं मात्र ‘इंग्रजांनीं बिजन केलें’ एवढें म्हणून त्याला हिशेबांतूनच वगळलें. ही दया नव्हे. तो माणूस होता, ह्याचाच हा विसर आहे.

वैद्यांनीं मूळ मजकुरांत पुष्कळ फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत १९६६ सालीं निघाली. हें प्रकरण पुन्हां वाचूं इच्छिणारानें तीच हातीं घ्यावी.