नाणेघाटांतील रांजण आणि पानावरील जाहिरात

मुरबाडकडून नाणेघाट चढून गेलें कीं माथ्यावर एक दगडी रांजण लागतो. सातवाहनकाळीं त्यांत जकात जमा होई, असें सांगतात. या घाटाविषयीं व शहापुराजवळील माहुलीगडाविषयीं संकेतस्थळांवर येणारें मराठी लेखन वाचतांना आम्हांस तो रांजण वारंवार आठवला.

गूगलनें 2003 सालीं ॲडसेन्स सुरू केलें. त्यांनीं दिलेल्या कोडाच्या चार ओळी पानांत घातल्या कीं जाहिराती आपोआप झळकूं लागतात. लेखकास त्यांतून चार पैसे मिळाले, तर आमची तक्रार नाहीं. फुकट लिहिण्याचा उपदेश पगारदारांनीं तरी करूं नये. परंतु 2024 पासून हा मोबदला क्लिकवर नसून जाहिरात दिसण्यावर ठरतो, आणि लांब पानांत जाहिराती अधिक मावतात. मग आसनगाव स्टेशनावर उतरून गडाची वाट कोणती धरावी, हें एका वाक्याचें उत्तर गडाच्या माहात्म्यवर्णनाखालीं पुरलें जातें. ऐन पावसांत पायथ्याशीं उभा असलेला वाटसरू तें शोधूं लागला, तर त्यास प्रथम कर्जाची जाहिरात दिसते.

कोड कोठें बसवावें, हें लेखकास स्वतः ठरवितां येतें. वाट आधीं सांगून जाहिरात तिच्याखालीं ठेवण्यास त्यास कोणी अडविलेलें नाहीं.