चाचपडणारा हात

आल्फ्रेड टेनिसनची ‘इन मेमोरियम’ ही दीर्घ विलापिका श्रद्धा आणि संशयाचं काव्य म्हणून ओळखली जाते. ते खरंच आहे; पण ती वाचताना मला पानोपानी दिसत राहतात ते हात. देव आहे का, आत्मा उरतो का, हे प्रश्न या कवितेत तर्काने सुटत नाहीत, स्पर्शाच्या ओढीतून उभे राहतात. गेलेल्या मित्राचा हात पुन्हा हातात यावा, एवढंच कवीचं मागणं आहे. बाकी सारी ईश्वरचर्चा त्या मागण्याभोवती फिरते.

मित्राचं नाव आर्थर हॅलम. केंब्रिजमधला सोबती, टेनिसनच्या बहिणीशी लग्न ठरलेला. १५ सप्टेंबर १८३३ रोजी व्हिएन्नामध्ये तो अचानक गेला. वय अवघं २२. कविता प्रसिद्ध झाली १८५० मध्ये, तीही कवीच्या नावाविना. बहुतांशी मधल्या वर्षांत सुटे सुटे लिहिलेले १३१ भाग, शिवाय सुरुवात आणि शेवट. चार ओळींच्या प्रत्येक कडव्यात मधल्या दोन ओळींचं यमक जुळतं आणि पहिलीचं चौथीशी. पहिल्या ओळीचा नाद कान विसरत आलेला असतो, तेव्हा तो परततो. हजारो ओळींमध्ये हेच घडत राहतं: काहीतरी हरवतं, उशिरा सापडतं, आणि पुढच्या कडव्यात पुन्हा हरवतं.

सातवा भाग जेमतेम बारा ओळींचा. झोप उडालेला कवी पहाटेआधी लंडनमधल्या हॅलमच्या दाराशी एखाद्या अपराध्यासारखा येऊन उभा राहतो. याच दारात एका हाताची वाट पाहताना त्याचं काळीज धडधडत असे. आता घर अंधारं आहे, भुरभुर पाऊस आहे, आणि उघड्याबोडक्या रस्त्यावर दिवस उजाडतो तो कोरा. त्या शेवटच्या ओळीत ‘ब’चे आघात असे लागोपाठ येतात की, उजाडणंसुद्धा ठेच लागल्यासारखं वाटतं. इथे देवाचा उल्लेख नाही. तरीही पुढच्या सगळ्या संशयाचं मूळ मला याच दारात दिसतं. दहाव्या भागात पार्थिव घेऊन येणाऱ्या जहाजाची काळजी आहे. ते बुडालं तर आपल्या हातात इतक्यांदा गुंफलेले ते हात समुद्रतळाच्या शेवाळात आणि शिंपल्यांत लोळत राहतील, या कल्पनेने कवीचा थरकाप होतो.

मग ५५ आणि ५६ हे भाग येतात, आणि एका माणसाचा शोक सबंध सृष्टीवर पसरतो. कविता आली तेव्हा डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ यायला अजून नऊ वर्षं होती. पण चार्ल्स लायलचं भूशास्त्र टेनिसनने वाचलेलं होतं. कड्यांच्या थरांतले जीवाश्म सांगत होते की, निसर्गाला एका जीवाची तर नाहीच, अख्ख्या जातीचीही पर्वा नाही. मग मंदिरं उभारणारा, प्रेमावर विसंबणारा माणूसही अखेर डोंगराच्या पोटातला एक ठसाच का? या प्रश्नाच्या आधीच श्रद्धा काळोखातल्या पायऱ्यांवर हात पसरून चाचपडते, आणि हाताला लागते धूळ. ज्याला मित्राचा हात मिळाला नाही, त्याच्याच बोटांना ही धूळ इतकी जाणवेल.

कवितेचा कळस ९५व्या भागात आहे. उन्हाळ्याची निवांत रात्र, हिरवळीवर जमलेलं कुटुंब, न थरथरणाऱ्या मेणबत्त्या. एकेक जण आत जातो, दिवे मालवतात, आणि कवी एकटाच मित्राची जुनी पत्रं वाचत बसतो. अचानक तो मेलेला माणूस त्याला स्पर्श करतो. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तो स्पर्श! पण लगेच संशय त्या समाधीला छेद देतो. इथे कवीच्या आत्म्यावर झळकणारा आत्मा पहिल्या आवृत्तीत ‘त्याचा’, म्हणजे मित्राचा, होता. पुढे टेनिसनने तिथलं सर्वनाम काढून टाकलं. स्पर्श कुणाचा झाला हे ठामपणे सांगायला तो धजला नाही. या दुरुस्तीने ओळ फिकी झाली असं कुणी म्हणेल. मला मात्र तिच्यात कवीचा प्रामाणिकपणा दिसतो. मग पहाट होते. रात्रीच्या वर्णनातल्याच पांढुरक्या गाई, शेताला काळ्या बाहूंनी वेढणारी तीच झाडं, जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा येतात. जग तसूभरही बदललेलं नाही. फक्त वारा सुटतो आणि पूर्व-पश्चिमेचे उजेड एकमेकांत मिसळतात.

११९व्या भागात कवी पुन्हा त्याच दाराशी येतो. शहर झोपेतच आहे, पण आता पाखरू चिवचिवतं, कुरणाचा वास येतो, आणि मनातल्या मनात का होईना, मित्राचा हात हातात येतो. पुढे, १२४व्या भागात, अंधारातून पुढे येऊन माणसांना घडवणारे हात दिसतात. उत्तर म्हणून हे मोठं आहे. पण त्याहून खरं वाटतं ते त्याच भागातलं मूल. ५४व्या भागात ते काळोखात उजेडासाठी रडत होतं आणि रडण्यापलीकडे त्याच्यापाशी भाषा नव्हती. इथे बाप जवळ आहे हे त्याला कळलं आहे. रडणं मात्र टेनिसनने थांबवलेलं नाही.