संवाद आणि संयोजक : फ्रेअरी यांच्या दोन चित्रप्रसंगांचा विचार

शिक्षकांच्या कार्यशाळा आणि लोकांच्या चर्चासभा यांविषयीच्या लेखनात ब्राझीलचे शिक्षणचिंतक पाउलो फ्रेअरी (१९२१-१९९७) यांचा आधार वारंवार घेतला जातो. शिक्षकाने वक्ता न राहता संयोजक व्हावे, हे त्यांचे मत आता सर्वमान्य झाले आहे. मात्र संयोजकाने प्रश्न विचारला म्हणजे संवाद घडला, असे त्यावरून समजणे कितपत युक्त आहे, याचा विचार फारसा होत नाही. खुद्द फ्रेअरी यांच्या ग्रंथांत या प्रश्नाला दोन निरनिराळी उत्तरे आढळतात.

१९६३ साली ईशान्य ब्राझीलमधील आंजिकोस या गावी सुमारे ३०० प्रौढांना ४० तासांत साक्षर करण्याचा जो प्रयोग झाला, त्यामुळे फ्रेअरी यांची पद्धती देशभर गाजली. त्यांनी वर्गाला ‘संस्कृतिमंडळ’ आणि शिक्षकाला ‘संयोजक’ असे म्हटले. अक्षरांपूर्वी चित्रांवर चर्चा व्हावयाची. फ्रान्सिस्को ब्रेनांद या चित्रकाराने त्यासाठी दहा चित्रे काढली होती. १९६७ च्या ग्रंथात या चित्रमालेचे सविस्तर विवरण आहे. धनुष्यधारी निरक्षर शिकारी, त्यामागून बंदूकधारी साक्षर शिकारी आणि मग उंदरावर टपलेले मांजर, असा तीन चित्रांचा क्रम त्यात येतो. निसर्गदत्त आणि मानवनिर्मित यांतील भेद सहभागी लोकांच्या ध्यानी यावा, हा हेतू उघड आहे. दोन माणसे शिकारी खरी, परंतु मांजर शिकारी नव्हे, ते केवळ पाठलाग करणारे, असे एका निरक्षर माणसाने म्हटल्याचे फ्रेअरी कौतुकाने नमूद करतात. हा शब्दविवेक निःसंशय त्या माणसाचा स्वतःचा होय. तथापि निष्कर्षाची वाट चित्रांच्या क्रमानेच आखून ठेवलेली होती, हेही नाकारता येत नाही. दहाव्या चित्रात तर संस्कृतिमंडळच चर्चेस बसलेले दाखविले आहे. म्हणजे सहभागी माणसांनी शेवटी कोठे पोचावयाचे, तेही रंगवून तयार होते.

या आक्षेपाला फ्रेअरी यांच्या बाजूने उत्तर देता येईल. संयोजकाला तंत्र शिकविणे कठीण नाही. ज्या समाजाच्या संगोपनातच संवाद नाही, त्या समाजातील संयोजकाच्या ठायी संवादाची वृत्ती निर्माण करणे कठीण, असे ते स्वतःच सांगतात. प्रशिक्षणानंतरही संयोजकांवर देखरेख असावी आणि ती देखरेखही संवादरूपच असावी, असा त्यांचा आग्रह होता. परंतु १९६४ साठी २०,००० मंडळांची योजना होती. एवढ्या विस्तारात वृत्तीपेक्षा चित्रमालाच सहज पोचती, असे वाटते. त्या वर्षीच्या लष्करी उठावाने योजना बंद पडल्यामुळे ही कसोटी लागलीच नाही.

दुसरे उत्तर ‘पददलितांचे शिक्षणशास्त्र’ या, चिलीतील निर्वासनकाळात १९६८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आहे. सांतियागोतील चाळवजा वस्तीत राहणाऱ्या एका गटापुढे एक चित्र ठेवले गेले : रस्त्याने झोकांड्या खात जाणारा मद्यपी आणि कोपऱ्यावर गप्पा मारणारे तीन तरुण. दारूच्या व्यसनाविषयी चर्चा व्हावी, ही अभ्यासकाची अपेक्षा. गटाने मद्यपीची बाजू घेतली. दिवसभर तुटपुंज्या मजुरीवर राबून, घरच्यांच्या विवंचनेत परतणारा तोच काय तो या चित्रातला कामाचा माणूस, आणि तो आपल्यासारखाच, असे ते म्हणाले. येथे चित्राने संयोजकाचा हेतू मोडला. प्रश्नावली हाती दिली असती तर हे उत्तर मिळाले नसते, असे फ्रेअरी म्हणतात ते यथार्थ आहे. पहिल्या प्रसंगातील उत्तराने संयोजकाचे ज्ञान दृढ झाले. दुसऱ्यातील उत्तराने त्याचा विषयच बदलला.

मराठीत ‘संवाद’ या शब्दाला जुळून येण्याची छटा आहे. संगीतात संवादी स्वर वादीला साथ देतो. विवादी स्वर सामान्यतः वर्ज्य, पण जाणकार गायक तो क्वचित लावतो आणि राग खुलतो. आपल्या शिक्षक-कार्यशाळांतून गटचर्चा होते, गटप्रमुख तक्ते मांडतो आणि अध्यक्षीय समारोपात सर्व मते एका सुरात आणली जातात. समारोपाचे भाषण पुष्कळदा चर्चेपूर्वीच लिहून तयार असते, ही गोष्ट तर सर्वश्रुत आहे. अशा सभेत सांतियागोचा मद्यपी आला असता, तर ‘विषयांतर’ म्हणून त्याची बोळवण झाली असती.

फ्रेअरी यांच्या विवेचनातही एक उणीव राहते. गटाच्या उत्तरानंतर ते तत्काळ भाष्याकडे वळतात : कमी मजुरी, शोषणाची जाणीव आणि मद्यपान यांचा संबंध लोकांनीच जोडला, आणि दारूविरुद्ध उपदेश करणारा शिक्षक येथे निष्फळ ठरला असता. हे भाष्य मार्मिक आहे. परंतु त्या बैठकीत संयोजक त्या क्षणी काय बोलला, गप्प राहिला की पुढचे चित्र काढले, याचा वृत्तान्त ते देत नाहीत. संयोजक होऊ पाहणाऱ्या शिक्षकाला नेमका तोच हवा असतो.