प्रत्यारोपण फार्मासिस्टची रेसिडेन्सी: पुरावा नेमका कशाचा आहे?

अवयव प्रत्यारोपण विभागात काम करू पाहणाऱ्या फार्मासिस्टसाठी अमेरिकेत एक स्वतंत्र रेसिडेन्सी आहे. तिच्याबद्दल वाचायला बसलात की एक वाक्य या ना त्या रूपात सारखं भेटतं: 'विशेष प्रशिक्षण घेतलेला फार्मासिस्ट टीममध्ये असला की रुग्णांना फायदा होतो.' वाक्य सरळ वाटतं, पण त्यात दोन दावे आहेत. पहिला, फार्मासिस्ट टीममध्ये असण्याचा फायदा होतो. दुसरा, तो फायदा त्या विशेष प्रशिक्षणामुळे होतो. पहिल्या दाव्याला बऱ्यापैकी पुरावा आहे. दुसऱ्या दाव्याला मात्र बऱ्याचदा पहिल्याचाच पुरावा जोडलेला असतो. संशोधनाचा विषय शोधत असाल तर ही अदलाबदल ओळखता यायला हवी, म्हणून हे उदाहरण जरा सविस्तर बघू.

मुळात फार्मासिस्टची गरज का?

नवी किडनी बसली की शरीर तिला परकी समजतं. ती टिकावी म्हणून रुग्णाला रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि तीही किडनी चालू आहे तोवर. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे टॅक्रोलिमस. पुढचा डोस घेण्याआधी त्याची रक्तातली पातळी ढोबळमानाने मिलिलिटरला ५ ते १५ नॅनोग्रॅमच्या पट्ट्यात ठेवतात. अवयव कोणता आणि प्रत्यारोपणाला किती दिवस झाले यावर नेमकं लक्ष्य ठरतं. पातळी कमी पडली तर शरीर अवयव नाकारू शकतं. जास्त झाली तर हेच औषध किडनीला इजा करतं, हात थरथरतात, साखर वाढते.

त्यात हे औषध यकृत आणि आतड्यातल्या सीवायपी३ए गटाच्या एन्झाइम्सवर अवलंबून. बुरशीसाठी व्होरिकोनॅझोल सुरू केलं की टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने वर जाते. क्षयासाठी रिफॅम्पिसिन दिलं की तितक्याच वेगाने खाली येते. काहींच्या शरीरात जनुकीय कारणामुळे सीवायपी३ए५ हे एन्झाइम कामाला असतं, त्यांना डोसच जास्त लागतो. वर सीएमव्ही विषाणूसाठी व्हॅलगॅनसायक्लोविर, न्यूमोसिस्टिससाठी कोट्रायमॉक्साझोल, शिवाय रक्तदाब आणि मधुमेहाची औषधं. एवढ्या सगळ्याचा हिशेब ठेवणारं माणूस टीममध्ये हवं, हे कुणालाही पटेल. अमेरिकेच्या मेडिकेअर यंत्रणेने २००७ साली प्रत्यारोपण केंद्रांसाठी जे नियम आणले, त्यांतही बहुशाखीय टीममध्ये औषधशास्त्र जाणणारी व्यक्ती हवी असं म्हटलं आहे. नीट वाचा: औषधशास्त्र जाणणारी व्यक्ती हवी. रेसिडेन्सी केलेलीच हवी, असं त्यात नाही.

प्रशिक्षण कसं चालतं?

फार्म.डी. झाल्यावर एक वर्षाची सर्वसाधारण रेसिडेन्सी, म्हणजे पीजीवाय-१. मग आणखी एक वर्षाची विशेष रेसिडेन्सी, म्हणजे पीजीवाय-२; त्यातला एक प्रकार घन अवयव प्रत्यारोपणाचा. अधिस्वीकृती देते एएसएचपी ही संस्था. वर्षभर रेसिडेंट किडनी, यकृत, हृदय, फुप्फुस अशा विभागांतून फिरतात, राउंडला असतात, बाह्यरुग्ण क्लिनिकमध्ये बसतात, शिकवतात आणि एक संशोधन प्रकल्पही करतात. या काळातलं मानधन पूर्ण पगाराच्या फार्मासिस्टपेक्षा बरंच कमी असतं.

याशिवाय प्रमाणपत्राची परीक्षा आहे. बोर्ड ऑफ फार्मसी स्पेशालिटीज या संस्थेने प्रत्यारोपणाला स्वतंत्र विशेषशाखा म्हणून २०१८ साली मान्यता दिली आणि पहिली परीक्षा २०२० साली झाली. गंमत म्हणजे या परीक्षेला रेसिडेन्सी न करता, काही वर्षांच्या कामाच्या अनुभवावरही बसता येतं. म्हणजे हे कौशल्य दोन वाटांनी येऊ शकतं हे व्यवस्थेलाच मान्य आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पुरावा काय सांगतो?

या विषयात वारंवार दिला जाणारा एक अभ्यास मेरी चिझम आणि सहकाऱ्यांचा, २००१ सालचा. किडनी प्रत्यारोपण झालेल्या २४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी केली. १२ जणांना नेहमीची सेवा, १२ जणांना त्यासोबत क्लिनिकल फार्मासिस्टची सेवा. वर्षभरात औषधं नियमित घेण्याचं सरासरी प्रमाण फार्मासिस्टच्या गटात सुमारे ९६ टक्के होतं, दुसऱ्या गटात सुमारे ८२ टक्के. फरक मोठा आहे, विभागणीही यादृच्छिक आहे. पण रुग्ण २४, आणि मोजलं काय, तर औषध घेण्यातली नियमितता. किडनी किती वर्षं टिकली हे सांगण्याच्या आकाराचा हा अभ्यासच नव्हता.

दुसरा अभ्यास साउथ कॅरोलायनाच्या वैद्यकीय विद्यापीठातला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला. १३६ किडनी रुग्ण, १२ महिने. एका गटाला मोबाइल ॲप आणि त्यावरून लक्ष ठेवणारे फार्मासिस्ट, दुसऱ्याला नेहमीची सेवा. पहिल्या गटात औषधांच्या चुकांचा दर सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आला, रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाणही घटलं. अभ्यास चांगला आहे. पण केंद्र एकच, आणि ॲप व फार्मासिस्ट एकत्र दिलेले. फायद्यात कुणाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे या. या दोन्ही अभ्यासांत तुलना कशाची झाली? फार्मासिस्टची जादा सेवा मिळालेल्या आणि न मिळालेल्या रुग्णांची. रेसिडेन्सी केलेला फार्मासिस्ट विरुद्ध अनुभवातून शिकलेला फार्मासिस्ट ही तुलना दोन्हींत नाही. तेव्हा रेसिडेन्सीच्या समर्थनात हे आकडे पुढे केले जातात, तेव्हा ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतं. म्हणून रेसिडेन्सी निरुपयोगी आहे असं कुणी म्हणू नये. पुरावा नसणं म्हणजे परिणाम नसणं नव्हे. पण एका तरुण माणसाचं अख्खं वर्ष आणि रुग्णालयाची एक जागा त्यावर खर्ची पडत असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा.

मग तुलना का होत नाही?

पहिली अडचण निवडीची. पीजीवाय-२ ला प्रवेश स्पर्धेतून मिळतो. जे तिथे पोचतात ते आधीच हुशार, चिकाटीचे आणि या विषयाची ओढ असलेले असतात. पुढे ते मोठ्या केंद्रांत जातात, जिथे साधनंही जास्त. अशा केंद्रातल्या रुग्णांचे निकाल चांगले आले तर श्रेय प्रशिक्षणाचं, निवडीचं की केंद्राचं? यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो.

दुसरी अडचण आकड्यांची. अमेरिकेत प्रत्यारोपणानंतर वर्षभराने बहुसंख्य किडन्या चालू असतात. समजा, एका गटात हे प्रमाण ९५ टक्के आणि दुसऱ्यात ९७ टक्के आहे. हा दोन टक्क्यांचा फरक ८० टक्के पॉवरने पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे १,५०० रुग्ण लागतात. सूत्रात घालून स्वतः करून बघा. वर एकाच फार्मासिस्टचे रुग्ण एकमेकांसारखे असतात. समजा, प्रत्येकाकडे ५० रुग्ण आणि त्यांच्यातलं साम्य, म्हणजे आयसीसी, फक्त ०.०२. तरी लागणारी संख्या जवळजवळ दुप्पट होते. एका रेसिडेंटच्या एका वर्षाच्या प्रकल्पात हे बसणं शक्य नाही. त्यामुळे जुन्या केसपेपरवरून, एकाच केंद्रात, थोड्या रुग्णांवर होईल एवढंच काम तिथे होतं.

तिसरी अडचण मोजमापाची. रेसिडेंटने उद्दिष्ट गाठलं की नाही हे त्याला शिकवणारे प्रिसेप्टरच ठरवतात. शिकण्यासाठी ती पद्धत ठीक आहे. प्रशिक्षणाचा परिणाम सिद्ध करण्यासाठी नाही. 'डॉक्टरांनी फार्मासिस्टच्या इतक्या सूचना मान्य केल्या' हे मोजमापही बघा: सूचना सोपी असली की ती मान्य होतेच.

चौथी गोष्ट आकड्यांच्या बाहेरची. ६५ वर्षांखालच्या, इतर अपंगत्व नसलेल्या किडनी रुग्णांचं मेडिकेअर संरक्षण प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी संपायचं, आणि त्याबरोबर या औषधांचा खर्चही अंगावर यायचा. ज्यांना दुसरा विमा नाही त्यांच्यासाठी हे १ जानेवारी २०२३ पासून बदललं. औषध परवडत नसल्यामुळे डोस चुकत असेल, तर कितीही उत्तम शिकलेला फार्मासिस्ट काय करणार? आणि २०२३ च्या आधीच्या व नंतरच्या रुग्णांची तुलना करून कुणी सुधारणेचं श्रेय प्रशिक्षणाला दिलं, तर तेही चुकेल.

करता येण्यासारखा अभ्यास

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या दोन वाटा आता आठवा. रेसिडेन्सी करून आलेले आणि अनुभवावर आलेले, असे दोन गट आधीच अस्तित्वात आहेत. दोघांनाही सारख्याच बनवलेल्या केसेस द्याव्यात, आणि उत्तरं कुणाची आहेत हे तपासणाऱ्याला कळू नये. किंवा अनेक केंद्रं घेऊन, रेसिडेन्सी केलेली व्यक्ती रुजू होण्याआधी आणि नंतर टॅक्रोलिमसच्या पातळीतले चढउतार कसे बदलले ते बघावं; सोबतीला त्याच काळात असा बदल न झालेली केंद्रं घ्यावीत. पातळीतले चढउतार हा अंतिम निकाल नव्हे, तो एक मधला निर्देशक आहे. पण तो दर तपासणीला नोंदला जातो आणि त्यासाठी हजारो रुग्ण लागत नाहीत.

आपल्याकडे बघताना

भारतात फार्म.डी. २००८ सालच्या नियमांनी सुरू झालं. सहा वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. पुढच्या विशेष प्रशिक्षणाची चर्चा निघाली की अमेरिकेचा साचा जसाच्या तसा आणायचा मोह होतो. पण मुंबईतल्या वॉर्डात किडनी रुग्णाला क्षय होणं ही नेहमीची काळजी आहे. रिफॅम्पिसिन सुरू केलं तर टॅक्रोलिमसचा डोस कित्येक पट वाढवावा लागू शकतो, किंवा त्याऐवजी रिफाब्युटिनचा विचार करावा लागतो. रिफॅम्पिसिन थांबवल्यावर साधारण दोन आठवड्यांत त्याचा प्रभाव ओसरतो आणि वाढवलेला डोस तसाच राहिला तर पातळी धोकादायक होते. शिवाय इथे बरेच रुग्ण खिशातून खर्च करतात आणि दुकानात मिळेल तो ब्रँड घेतात. आपला अभ्यासक्रम या प्रश्नांपासून सुरू व्हायला हवा, आणि त्याचा परिणाम मोजायची सोय पहिल्या तुकडीपासूनच हवी. अमेरिकेत आधी रेसिडेन्सी पसरली आणि पुराव्याचा प्रश्न मागे राहिला. आपल्याला तो क्रम उलटा ठेवायची संधी आहे.

कुठल्याही प्रशिक्षणाच्या बाजूने लिहिलेला पेपर हातात आला की वहीत एवढंच लिहा: तुलना कुणाची कुणाशी झाली? निष्कर्ष वाचण्याआधी हे लिहा, आणि मग लेखकांचं शेवटचं वाक्य त्याच तुलनेबद्दल आहे का ते ताडून बघा.