भुताळीची साक्ष

भयपट हा आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे. परंतु गेल्या पावसाळ्यात शहापुरास महाविद्यालयात शिकणाऱ्या काही तरुणांनी मोबाइलवर पाहिलेल्या एका चित्रपटाविषयी आम्हांस प्रश्न विचारला, आणि उत्तर देण्यापूर्वी तो चित्रपट पाहणे आम्हांस क्रमप्राप्त झाले. ‘रागिनी एमएमएस’ हे त्याचे नाव. पवन कृपलानी यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट २०११ साली प्रदर्शित झाला. त्यातील उत्तान दृश्यांमुळे आमचे अनेक वाचक त्याच्या वाटेस गेले नसतील. तरीही त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कथानक थोडक्यात असे. उदय आणि रागिनी हे प्रेमी युगुल मुंबईबाहेरच्या एका एकाकी घरात सुट्टी घालविण्यास जाते. मुरबाड रस्त्यावर किंवा आसनगाव-खर्डीच्या परिसरात अशी फार्महाउस आपण नित्य पाहतो. शनिवारी तेथे दिवे लागतात, सोमवारी दारास कुलूप असते. चित्रपटातील घरात मात्र आधीच छुपे कॅमेरे बसविलेले आहेत. चित्रपटसृष्टीत संधी मिळावी म्हणून उदयने आपल्या प्रेयसीचे खासगी क्षण विकावयास काढले आहेत. रागिनीस याची कल्पना नाही. तो तिला खेळाखेळात पलंगाशी हातकडीने जखडतो, आणि त्याच वेळी त्या घरातील प्रेतात्मा जागा होतो.

जे आपण पाहतो ते पात्रांनीच किंवा घरातील यंत्रांनी टिपलेले असून पुढे कोणाच्या तरी हाती लागले, असा बहाणा या प्रकारच्या चित्रपटात केलेला असतो. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या अमेरिकन चित्रपटाने हे तंत्र जगभर लोकप्रिय केले. योगायोग असा की, त्या चित्रपटाभोवती रचलेल्या दंतकथेतही चेटकाच्या आरोपावरून गावाबाहेर घालविलेली एक स्त्रीच आहे.

या तंत्राचे खरे सामर्थ्य भुतात नसून असहायतेच्या चित्रणात आहे. एरवी चित्रपटातील कॅमेरा पात्राची सोबत करतो. ते रडले की जवळ जातो, धावले की मागे धावतो. भिंतीवरचा छुपा कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. रागिनी किंचाळते, तरी तो मान वळवीत नाही. तिच्या पाठीमागचा कोपरा आपणांस दिसतो, तिला दिसत नाही. आणि दिसूनही आपण तिला सावध करू शकत नाही. तिचे हात बांधलेले आहेत तसे आपलेही. दिग्दर्शकाचे हे यश आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

हातकडी हे या कलाकृतीतील सर्वांत अर्थपूर्ण प्रतीक होय. ती भुताने घातलेली नाही, प्रियकराने घातलेली आहे. रागिनीची असहायता भूत येण्याच्या कितीतरी आधी सिद्ध झालेली असते. विश्वासघाताचे ते लोखंड मनगटावर नसते, तर तीही इतरांप्रमाणे दाराबाहेर पळाली असती. पलंग, कडी आणि कॅमेरा या तीन वस्तूंतून स्त्रीला विक्रेय वस्तू करणाऱ्या वृत्तीचे दर्शन घडते, आणि येथवर चित्रपट प्रामाणिक आहे.

आमचा आक्षेप पुढचा आहे. या हिंदी चित्रपटातील प्रेतात्मा मराठी बोलतो. आपण चेटकीण नाही, आपल्या मुलांना आपण मारलेले नाही, असे ती मृत स्त्री आक्रोशून सांगते. संबंध चित्रपटातील हे सर्वांत हृदयद्रावक वाक्य होय. तथापि दिग्दर्शक तिचा शब्द ऐकवितो आणि तिच्या हातून हत्या दाखवितो. प्रतिमेपुढे शब्दाचे काही चालत नाही. आम्हांस प्रश्न विचारणाऱ्या तरुणांपैकी एकाने तर निःशंकपणे म्हटले, “फादर, ती खोटं बोलते. ती माणसं मारते, म्हणजे गावानं तिला मारलं ते बरोबरच होतं.” त्याचा तर्क चित्रपटानेच त्याला पुरविला होता.

मुंबईच्या प्रेक्षकास हा रंजनाचा भाग वाटेल. आपल्या तालुक्यांत ‘भुताळी’ हा शब्द अद्याप जिवंत आहे. मूल दगावले, बैल मेला, की कोणाकडे तरी बोट वळते. आणि ते बहुधा विधवेकडे, वृद्धाकडे, ज्यास पाठीराखा नाही त्याच्याकडे. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातील एका गावात करणी करतो या संशयावरून पंचाहत्तर वर्षांच्या वृद्धास निखाऱ्यांवर नाचविण्यात आले. त्याचे चित्रण पुढे सर्वत्र फिरले. तेथे कथा नव्हती, बहाणा नव्हता. कोणीतरी हातात मोबाइल धरून ते टिपत होते, आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्याप्रमाणेच तो हातही मदतीस पुढे झाला नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे असह्य करणे हा त्यानुसार गुन्हा असून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हे लिहिताना आम्ही उंच आसनावर बसलेलो नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हाइनरिख क्रेमर या डोमिनिकन संन्याशानेच चेटकिणी शोधून त्यांना शिक्षा देण्याचा ग्रंथ लिहिला, आणि युरोपात हजारो निरपराध स्त्रिया आगीत गेल्या. आळ घेणारे हात आमच्याही घरात होते.

त्या तरुणाशी आम्ही वाद घातला नाही. एवढेच विचारले, “त्या घरात प्रत्येक खोलीत कॅमेरा होता. पण त्या बाईवर आळ घेणारे, तिला मारणारे लोक कोणत्या कॅमेऱ्यात दिसले?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दिसलेच नाहीत, फादर.”

या चित्रपटाची खरी उणीव त्या मुलाने आमच्यापेक्षा थोडक्यात सांगितली. भूत दाखविणे सोपे असते. गाव दाखविणे कठीण.