काळी, पांढरी आणि जोडपूल

समकालीन चिनी निसर्गचित्रातील गावओढीचा विचार चेन यिफेई यांच्या 'गावाची आठवण : जोडपूल' या तैलचित्राला वगळून करता येत नाही. जिआंग्सू प्रांतातल्या झोउझुआंग या पाणगावातले दोन दगडी पूल. एकाची कमान गोल, दुसऱ्याचे तोंड चौकोनी. १९८४ साली अमेरिकन उद्योगपती आर्मंड हॅमर यांनी हे चित्र देंग श्याओपिंग यांना भेट दिले. चित्र गाजले, पाठोपाठ गावही गाजले. आज तिथे तिकीट काढून आत जावे लागते.

पण झोउझुआंग हे चेन यांचे गावच नव्हे. जन्म निंगबोचा, वाढले शांघायात, १९८० पासून अमेरिकेत. म्हणजे ही आठवण नाही, निवड आहे. दूर गेलेल्या माणसाने 'आपले गाव असे असावे' म्हणून उचललेली जागा. चित्र देखणे आहे, याबद्दल वाद नाही. मात्र त्यात गावाने पोट कसे भरले याचा पत्ता लागत नाही.

त्याच्याशेजारी लुओ झोंगली यांचे १९८०चे 'वडील' ठेवून पाहावे. ते निसर्गचित्र नव्हे. दोन मीटरहून उंच कॅनव्हासभर एका शेतकऱ्याचा चेहरा आणि हातातला वाडगा. तरीही उन्हातान्हाचे रान त्या सुरकुत्यांत जोडपुलापेक्षा अधिक आहे. कानावर बॉलपेन मात्र नंतर खोचले गेले, शेतकरी नव्या काळातला दिसावा म्हणून! गावाच्या चित्रावर असा कुणाचा ना कुणाचा हात फिरतोच.

आपल्याकडे आबालाल रहमान यांनी उलटी वाट धरली. मुंबईत जे. जे.त शिकून ते कोल्हापुरात परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हेच रंगवत राहिले. रोज समोर असलेल्या पाण्याची ओढ लागत नाही, ओळख होते. त्यांच्या चित्रांत मला ती ओळख दिसते.

मराठवाड्याच्या वाट्याला यांपैकी काहीच फारसे आले नाही. जे. जे. १८५७ साली मुंबईत निघाले. आम्ही १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. हे एकमेव कारण नसेल, पण मोठे आहे. परभणीची माती शब्दांत आली. बी. रघुनाथ आले, इंद्रजित भालेरावांचे 'पीकपाणी' आले. कॅनव्हासवर मात्र आमच्या वाट्याला कॅलेंडरवरचे गाव आले: माड, कौलारू घर, खळाळता ओढा. परभणी-परळी लोहमार्गावरच्या पोखर्णीत, नरसिंहाच्या या गावात, मी हेच 'खेडे' घरोघरी भिंतीवर टांगलेले पाहिले आहे. शाळेतल्या चित्रकलेच्या वहीतही माडच. ज्याच्या दारात बाभूळ आहे, त्या पोराने माड काढावा?

आपल्या भाषेत शेताला काळी म्हणतात, गावठाणाला पांढरी. चित्रकाराला याहून नेमकी रंगपेटी कोण देणार? काळीही एकरंगी नाही. मृगाच्या सरीनंतर ती निळसर झाक धरते, वैशाखात भेगाळून राखी होते, आणि वेचणीला आलेल्या कापसाखाली पुन्हा गडद दिसते. पांढरीतली माळवदाची घरे, त्यांच्या धाब्यावरची पांढरी माती, तिच्यावर पावसाळ्यात उगवणारे गवत, यांचे तैलचित्र माझ्या पाहण्यात नाही. माळवदे उतरून स्लॅब पडत आहेत. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या एखाद्या मुलाला उद्या गावओढ लागेल, तो ब्रश उचलेल, तेव्हा त्याच्यासमोर काय असेल? बहुधा एखादे कॅलेंडर.