हिवाळ्यातलं नैराश्य: ३४ हजार जणांना विचारलं, पण काय विचारलं?

ऑक्टोबर संपत आला की युरोप-अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत एक लेख ठरल्यासारखा येतो. दिवस लहान झाले, घड्याळं तासभर मागे गेली, आता मन उदास होणार, सांभाळा. गेली काही वर्षं याच्या जोडीला दुसराही एक लेख येतो. हिवाळ्यातलं नैराश्य वगैरे काही नसतं, संशोधनाने ते खोडून काढलंय, असं तो सांगतो. या दुसऱ्या लेखाचा आधार बहुतेक वेळा एकच पेपर असतो. आज तो आपण नीट वाचूया.

पेपर २०१६ चा आहे, 'क्लिनिकल सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकातला. लेखक ट्रॅफनस्टेट, मेहता आणि लोबेलो. ऋतूनुसार येणारं नैराश्य ही संकल्पना वैध आहे का, हा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारलाय. मी हाच पेपर निवडला त्याला कारण आहे. पीएचडीच्या मुलाखतीत 'या पेपरवर टीका करा' म्हटलं की बरीच मुलं 'सॅम्पल लहान आहे' एवढं बोलून थांबतात. इथे सॅम्पल ३४,२९४ जणांचं आहे. म्हणजे ते वाक्य इथे चालणार नाही, दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

आधी मागची गोष्ट थोडक्यात. १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' या नावाखाली २९ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दर हिवाळ्यात नैराश्य, जास्त झोप, जास्त भूक, आणि वसंतात आपोआप बरं वाटणं, असा तो नमुना होता. हे लोक मिळवताना वर्तमानपत्राचा उपयोग झाला होता. म्हणजे 'दर हिवाळ्यात असं होतं का?' हे वाचून ज्यांना 'अरे, हे तर माझंच!' वाटलं, ते पुढे आले. नव्या आजाराचं पहिलं वर्णन करायला ही पद्धत चुकीची नाही. पण समाजात असे किती लोक आहेत, हे त्यावरून कळत नाही.

ते मोजायला एक प्रश्नावली आली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, सगळे तिला 'स्पाक' म्हणतात. तिचा गाभा असा: झोप, लोकांत मिसळणं, मनःस्थिती, वजन, भूक आणि उत्साह या सहा गोष्टी ऋतूप्रमाणे किती बदलतात, ते प्रत्येकी ० ते ४ मध्ये सांगा. बेरीज ११ किंवा जास्त आली आणि 'याचा मला बऱ्यापैकी त्रास होतो' असं उत्तर असेल, तर तुम्ही त्या गटात.

आता प्रश्न पुन्हा वाचा. 'ऋतूप्रमाणे किती बदलतं?' उत्तर देणाऱ्याला आपण काय शोधतोय ते आधीच कळलंय. शिवाय त्याला वर्षभराचं आठवून सांगायचंय. आठवण्याचं काम आपण कसं करतो, ते तुम्हाला माहीत आहेच. मागच्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मन कसं होतं ते कुणाला आठवत नाही. मग 'थंडीत माणूस सुस्तावतोच' या सर्वसाधारण समजुतीवरून आपण ती जागा भरून काढतो.

या पद्धतीने १९९० साली अमेरिकेत चार ठिकाणी पाहणी झाली. फ्लोरिडातल्या सॅरासोटामध्ये हिवाळी प्रकाराचं प्रमाण १.४ टक्के आलं, न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआमध्ये ९.७ टक्के. जितकं उत्तरेला जाल तितका दिवस लहान, तितका आजार जास्त. चित्र अगदी नीटनेटकं होतं. पण १९९३ मध्ये आइसलँडमध्ये तीच प्रश्नावली वापरली, तर ३.८ टक्के आले. आइसलँड नॅशुआच्या कितीतरी उत्तरेला आहे. डिसेंबरात रेक्याविकमध्ये सूर्य जेमतेम चार तास वर असतो. 'अंधार वाढला की आजार वाढतो' हे गणित इतकं सरळ असतं, तर हा आकडा असा आलाच नसता.

म्हणजे २०१६ च्या पेपरच्या लेखकांना शंका यायला भरपूर जागा होती. त्यांनी एक हुशार गोष्ट केली: ऋतूचं नावच काढलं नाही. अमेरिकेची सीडीसी ही संस्था दरवर्षी आरोग्याविषयी मोठं फोन सर्वेक्षण करते. त्यातला २००६ चा डेटा त्यांनी घेतला. त्यात 'पीएचक्यू-८' हे माप होतं: गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप बिघडली का, असे आठ प्रश्न, एकूण गुण ० ते २४. फोन वर्षभर चालू असतात, त्यामुळे कुणाला जानेवारीत विचारलं गेलं, कुणाला जूनमध्ये. मग लेखकांनी प्रत्येक उत्तराला तारीख, अक्षांश आणि सूर्यप्रकाश जोडला. निष्कर्ष असा, की नैराश्याच्या गुणांचा ऋतूशी, अक्षांशाशी किंवा प्रकाशाशी संबंध दिसला नाही.

पद्धत म्हणून मला हे आवडतं. आठवणीचा प्रश्न गेला, सूचक प्रश्न गेला, स्वतःहून पुढे येणाऱ्यांचा प्रश्नही बराचसा गेला. दुसऱ्या कामासाठी गोळा झालेला डेटा असा वापरता येतो, हे तुमच्या वहीत लिहून ठेवा.

आता टीका. माझ्या मते तीन मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. निदानाच्या नियमांप्रमाणे 'ऋतूनुसार' हा शब्द एकाच माणसाच्या अनेक वर्षांना लागू होतो. अमेरिकन मानसोपचाराच्या 'डीएसएम-५' या नियमावलीत हा वेगळा आजारसुद्धा नाही. नैराश्याच्या निदानाला जोडायचं ते एक विशेषण आहे, आणि त्यासाठी निदान दोन वर्षं तोच नमुना दिसावा लागतो. या सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला एकदाच विचारलंय. जानेवारीत बोललेली व्यक्ती वेगळी, जूनमधली वेगळी. एकाच माणसात वर खाली काय होतं, हे या डेटाला दिसूच शकत नाही.

दुसरा मुद्दा सरासरीचा. कागद-पेन घ्या. समजा २०० जणांपैकी एकाचे गुण हिवाळ्यात १० ने वाढतात, बाकीच्यांचे जिथल्या तिथे. त्या एकाचं आयुष्य विस्कटलंय, पण सरासरी हलली फक्त ०.०५ ने. एवढा फरक ३४ हजारांच्या गर्दीतही हरवून जातो. आता समजा १०० पैकी १० जणांचे गुण १० ने वाढतात. सरासरी १ ने हलेल, आणि ती या अभ्यासाला नक्की दिसली असती. म्हणून या पेपरचा खरा निष्कर्ष मी असा लिहीन: उत्तरेकडे दहातला एक जण दर हिवाळ्यात आजारी पडण्याइतका खचतो, हा दावा टिकत नाही. दोनशेतला एक जण खचतो का, याबद्दल हा पेपर गप्प आहे. मथळ्यांनी मात्र पहिल्या वाक्यावरून दुसरं उत्तर देऊन टाकलं.

तिसरा मुद्दा. ज्यांचे गुण नैराश्याच्या पातळीवर होते, तेवढेच लोक वेगळे काढूनही लेखकांनी पाहिलं, आणि तिथेही ऋतूचा संबंध मिळाला नाही. वरवर हे भक्कम वाटतं. पण निवडच गुणांवरून केली, की प्रश्न बदलतो. 'आधीच आजारी असलेल्यांची तीव्रता हिवाळ्यात वाढते का?' आणि 'हिवाळ्यात जास्त लोक आजारी पडतात का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्याचं उत्तर शोधतोय त्याच मापावरून सॅम्पल गाळायचं नाही, हा नियम इथे उपयोगी पडतो.

'पण प्रकाश-उपचाराने लोक बरे होतात, मग आजार सिद्ध झालाच की!' असं कुणी म्हणेल. घाई नको. झगझगीत दिव्यासमोर बसलेल्याला आपल्यावर उपचार होतोय हे दिसतं, त्यामुळे इथे खोटा उपचार तयार करणं कठीण. १९९८ मध्ये ईस्टमन यांच्या गटाने ९६ रुग्णांवर प्रयोग करताना त्यासाठी बंद केलेलं आयन-यंत्र वापरलं. बसणाऱ्याला ते चालू आहे असंच वाटायचं. सरासरी गुण सगळ्या गटांत जवळपास सारखेच घसरले. पण जवळपास पूर्ण बरे झालेल्यांची संख्या सकाळच्या प्रकाशाच्या गटात जास्त होती. इथेही सरासरीने एक सांगितलं आणि माणसं मोजल्यावर दुसरं दिसलं.

हे सगळं आपल्याकडे कशाला? कारण पुण्या-मुंबईत कुणी ना कुणी 'स्पाक'चं मराठी भाषांतर करून प्रपोजल लिहिणारच. लिहा, पण आधी आकाशाकडे बघा. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही साधारण ११ तासांचा असतो आणि सर्वांत मोठा १३ तासांच्या थोडा पुढे. दिवसाच्या लांबीत फरकच जेमतेम दोन तासांचा. उलट खरा काळोख असतो जुलै-ऑगस्टमध्ये, ढगांमुळे, आणि तेव्हा दिवस मोठे असतात. म्हणजे दिवसाची लांबी आणि प्रत्यक्ष मिळणारा प्रकाश इथे एकमेकांपासून सुटे होतात. उत्तर युरोपात ही सोय नाही, तिथे दोन्ही एकत्रच कमी होतात. यातून चांगला संशोधन-प्रश्न निघू शकतो. फक्त दिवाळीची सुट्टी, परीक्षा आणि उकाडा हेही ऋतूबरोबरच येतात, त्यांचा हिशोब आधी मांडा.

शेवटी एक गोष्ट, कारण तुमच्यातले काही जण पुढच्या वर्षी जर्मनी, इंग्लंड किंवा कॅनडात असतील. पहिला नोव्हेंबर नवा देश, नवी भाषा, नवा गाइड आणि दुपारी चारचा अंधार घेऊन येतो. तेव्हा मन बसलं तर दोन सल्ले ऐकू येतील. एक म्हणेल, 'हिवाळाच आहे, मार्चमध्ये जाईल.' दुसरा म्हणेल, 'असलं काही नसतं, संशोधनाने सिद्ध झालंय.' दोन्ही सल्ले चुकीच्या वाचनातून आलेत. हजारोंच्या सरासरीवरून तुमच्याबद्दल काही ठरत नाही, आणि कॅलेंडरवरूनही नाही. 'पीएचक्यू'चे प्रश्न महिना विचारत नाहीत, फक्त गेले दोन आठवडे विचारतात. ते दोन आठवडे सलग वाईट गेले असतील, झोप, जेवण, काम बिघडलं असेल, तर विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. वसंताची वाट बघू नका. हे ऋतूमुळे आहे की आणखी कशामुळे, ते नंतर ठरवता येईल.

आणि गृहपाठ: पुढचा जो पेपर वाचाल, त्यात निष्कर्षाच्या आधी प्रश्नावली शोधून काढा. ती स्वतः भरा. भरताना तुम्ही आठवत होता, अंदाज करत होता, की समोरच्याला हवं ते उत्तर देत होता, ते शेजारी लिहा. कमेंटमध्ये पाठवलंत तर त्यावर बोलू.